पापणी नसलेला डोळा

सुरतेत डिंडोलीच्या त्या सोसायटीत दूधवाला सगळ्यांच्या दुधात पाणी घालायचा, एक चंद्रभागाबाईचं घर सोडून. त्याला धंद्यापेक्षा तिच्या तोंडाची धास्ती जास्त. बाई शिंदखेड्याकडची. तिसरी पास की तिसरी नापास, यावर घरात अजून वाद आहे. पण बोलायला उभी राहिली की भल्याभल्या शिकलेल्यांची पाटी कोरी व्हायची.

तिला एकच लेक, हेमराज. पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये ब्लीच खात्यात होता. कोऱ्या कापडाचा मळकट पिवळेपणा मारून ते पांढरं करायचं, हे त्याचं काम. घरी यायचा तो त्या ब्लीचचा उग्र वास अंगावर घेऊनच. दोनदा अंघोळ केली तरी वास जायचा नाही. चंद्रभागा नाकाला पदर लावायची आणि म्हणायची, "उना व माय, मना धोबीघाट उना!" आला गं बाई, माझा धोबीघाट आला.

हेमराजला दिवेलागण झाली की दिसायचं नाही. त्याच्या बापाचं, लोटूचंही तसंच होतं. घराण्यातलंच दुखणं ते. आधी रात्र जाते, मग दोन्ही बाजू जातात, शेवटी समोर बांगडीएवढं जग उरतं. पण पोराचा ताठा आईचाच. कबूल करायचा नाही. गल्लीतून येताना डावा खांदा भिंतीला लावून यायचा, त्यामुळं प्रत्येक शर्टाच्या डाव्या खांद्याला चुना. कपडे धुताना चंद्रभागा खेकसायची, "मिलमध्ये कापड पांढरं करतो ते पुरत नाही, घरी शर्ट पांढरे करतो! भिंती पुसायची नोकरी धरली का रे? दिसत नाही का?"

"दिसतं ना, माय," तो म्हणायचा. तेवढंच.

दीडेक वर्षापूर्वी डोळ्याच्या दवाखान्यातल्या भूपेंद्रभाई डॉक्टरांनी त्याच्या दंडावरून मसुरीच्या डाळीएवढी कातडी काढून घेतली. त्या कातडीतून म्हणे त्याच्या डोळ्याचा आतला पडदा काचेच्या भांड्यात उगवणार, आणि तो पडदा कसा कसा मरत जातो ते डोळ्यांदेखत बघणार.

"म्हणजे औषध देणार?" चंद्रभागानं विचारलं.

"औषध नाही, माय. अभ्यास करणार. माझं तर गेलंच. मागच्यांच्या उपयोगी पडेल."

"मागचे कोण? तुला एक पोरगी, हर्षदा. आणि हे बाप्यांचं दुखणं आहे, बायांना होत नाही," चंद्रभागानं निकाल दिला. तिच्या निकालावर वरचं कोर्ट नव्हतं. हेमराज हसला आणि दंडावरची पट्टी चाचपत बसला.

पुढे त्याला कावीळ झाली. डोळ्यांनी गेलेला माणूस डोळ्यांनी मरत नाही, हेमराज काविळीनं मेला. चंद्रभागानंच तळहात फिरवून त्याचे डोळे मिटले. ज्यांना जन्मभर नीट दिसलं नाही ते डोळे, पण मिटायला एका फेरीत तयार नव्हते. दुसऱ्यांदा हात फिरवावा लागला.

दहाव्याला तापीच्या काठी पिंड मांडला. तिथं बाया जात नाहीत. चंद्रभागा गेली. तिला अडवायला कोण धजणार? कावळे पुष्कळ होते, पण एकही खाली उतरेना. "सुरतचे कावळे, गाठिया-फाफड्यावर पोसलेले, यांना कसला भात गोड लागतो!" ती चिडून म्हणाली. माणसाचं काहीतरी मागं अडकलेलं असतं, तोवर कावळा शिवत नाही. मग हेमराजचा चुलतभाऊ भिकन पिंडासमोर हात जोडून बोलला, "हर्षदाला शिकवू." कावळा नाही. "उज्ज्वलावहिनीला अंतर देणार नाही." कावळा नाही. "माय म्हातारी आहे, तिला जपू." तर एक कावळा जवळ आला आणि उडून गेला. शेवटी ऊन चढलं तेव्हा भटजीनं दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. दर्भाचा कावळा म्हणजे काय, तर परीक्षेत कॉपी. पास झाल्याचा कागद मिळतो, पण आतल्या आत माहीत असतं.

चंद्रभागेचं जेवण तुटलं. कशात अडकला असेल? काय राहिलं असेल? हेमराजची बायको उज्ज्वला साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणायची. ते करता करता सासूकडं बघायची.

महिना भरायच्या आत एका दुपारी हेमराजचा मोबाइल वाजला. लेक गेला तरी चंद्रभागा तो मोबाइल रोज चार्ज करून कमरेच्या पिशवीत ठेवायची. तिनं उचलला. पलीकडं एक तरणी पोर होती, आनंदानं चिवचिवत.

"हेमराजभाऊ, मी लॅबमधून सोनाली! खुशखबर आहे! तुमचा पडदा आज पहिल्यांदा उजेडाला जागला!"

चंद्रभागा भिंतीला टेकली.

"हॅलो? हेमराजभाऊ?"

"हेमराजची माय बोलते," ती म्हणाली. "तो गेला, बाई. त्याला जाऊन महिना होत आला. आणि तू म्हणते, जागला?"

दुसऱ्या दिवशी ती उज्ज्वलाला घेऊन दवाखान्यात गेली. रडायला म्हणून नव्हे. तिला बघायचं होतं. सोनालीनं आधी हात धरून माफी मागितली. आम्हाला कुणी कळवलंच नाही, मावशी, म्हणाली. मग दोघींना डोक्याला टोपी, पायाला पिशव्या घालायला लावल्या आणि आत नेलं.

"कातडीचा डोळा होतो कसा, ते सांग आधी," चंद्रभागा म्हणाली. "मला येडी समजू नको."

सोनालीनं जरा विचार केला. "मावशी, तुमच्यात अखाजीच्या सणाला लेक माहेरी आणतात ना?"

"आणतात. मुराळी जातो आणायला."

"तसंच. अंगाचा सगळ्यात बारका कण म्हणजे पेशी. कातडीची पेशी म्हणजे दिल्या घरी नांदणारी बाई. आम्ही औषधाचा मुराळी पाठवतो आणि तिला माहेरी आणतो. माहेरी आली की ती सासर विसरते, पुन्हा पोर होते, झोके घेते. तिला म्हणतात मूळपेशी. मग आम्ही तिला नव्यानं सांगतो, आता तू डोळ्याच्या घरी नांदायला जा."

"माहेरी आणली ते चांगलं केलं," चंद्रभागा म्हणाली. "पण धाडली दुसऱ्याच घरी? आमच्यात हे चालत नाही गं. कुठली तू?"

"अमळनेरची."

"अमळनेरची असून असं बोलते!"

सोनालीला हसू आलं. उज्ज्वलालाही, कितीतरी दिवसांनी. मग सोनालीनं कपाटातून एक काचेचं भांडं काढलं. गुलाबी पाणी, आणि पाण्यात साबुदाण्याहून बारीक असे गोळे. यंत्राखाली ठेवून पडद्यावर मोठे करून दाखवले तेव्हा प्रत्येक गोळ्याच्या कडेला एक पातळ, चकाकती झालर दिसली.

"हीच ती झालर. आपल्या डोळ्यात हीच उजेड झेलते."

चंद्रभागा वाकून बघत राहिली. तिला वाटलं होतं, डोळा असेल. बुबुळ असेल, पांढरं असेल, हेमराजच्या डोळ्यात डाव्या कोपऱ्याला होता तसा तीळ असेल.

"याला पापणी कुठं?"

"पापणी नसते, मावशी. हा नुसता पडदा. आणि हा बघत नाही हो. उजेड पडला की आत जराशी वीज हलते, एवढंच. बघायला मेंदू लागतो."

"फोनवर तूच म्हणाली, जागला."

सोनालीचा चेहरा उतरला. "ते... बोलायची पद्धत, मावशी. आनंदाच्या भरात गेलं तोंडून."

पण शब्द तोंडातून गेला तो गेला. चंद्रभागेच्या डोक्यात तो रुतून बसला. जागलेलं माणूस निजायला पापणी मागतं. हिनं माझ्या पोराला जागवलं आणि पापणी दिली नाही. मी तिकडं दोनदा हात फिरवून डोळे मिटले, आणि हा इथं उघडाच. दिवसरात्र उघडा. मग कावळा शिवेल कसा?

ती बाहेर आली आणि भूपेंद्रभाईंसमोर उभी राहिली. "हे सगळं मिटवा," म्हणाली. "माझ्या पोराचं जे जे इथं आहे, भांड्यातलं, फ्रीजमधलं, सगळं."

भूपेंद्रभाई शांत माणूस. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "बा, तमारो हक छे," म्हणाले, आणि पुढं सावकाश गुजरातीत समजावत गेले. अर्धं आयुष्य सुरतेत गेलेल्या चंद्रभागेला शब्द न् शब्द कळत होता. हा पडदा वाढवायला नऊ महिने लागले. पडदा जिथून बिघडतो ती जागा आत्ता कुठं दिसायला लागली आहे. त्या जागेवर कोणतं औषध टिकतं ते आता बघणार होतो. तुमच्या घराण्याचा बिघाड वेगळा आहे, असा दुसरा पडदा आमच्याकडं नाही. विचार करा, बा. घरात लहान कुणी असेल तर...

"नऊ महिने मीही वाढवला होता," चंद्रभागा म्हणाली. "माझा हिशेब तुमच्याआधीचा."

भूपेंद्रभाईंनी मान खाली घातली. सही मात्र बायकोची लागेल, म्हणाले.

दोघी बाहेरच्या बाकड्यावर आल्या. उज्ज्वला ही बोलणारी बाई नव्हे. सासू दोघींचं बोलायची. पण त्या दिवशी ती बोलली.

"आत्याबाई, हर्षदाचं काय? पोरगी संध्याकाळी चाचपडते. परवा चप्पल पायाशी असून शोधत होती."

"दिवा लावायचा आळस करायचा आणि बापाचं दुखणं लेकीच्या गळ्यात घालायचं? बायांना होत नाही, सांगितलं ना!"

"ते म्हणायचे, मागच्यांच्या उपयोगी पडेल."

"मागचे सुखी, आणि तो तिकडं लटकलेला? तुझा नवरा आहे, तुला चालत असेल. माझा लेक आहे, मला नाही चालत." आणि मग चंद्रभागेनं जे तोंडातून काढायला नको होतं तेच काढलं. "त्याला सोडवायचं नाही, म्हणजे तुला काय, दुसऱ्याच्या घरी नांदायला जायचं आहे का?"

उज्ज्वलानं तिच्याकडं एकदा बघितलं. मग उठली, आत गेली आणि सही करून आली.

भांडं घरी नेऊ द्या, तापीत सोडते, असं चंद्रभागेनं मागितलं. तसं देता येत नव्हतं. असल्या गोष्टी तिथंच, ठरल्या रीतीनं संपवतात. "मग मी उभी राहते," ती म्हणाली. सोनालीनं तिला दारात उभं केलं. फ्रीजमधल्या बारक्या नळ्या आणल्या, भांडी आणली, आणि एका बाटलीतलं पाणी सगळ्यांत ओतलं. गुलाबी रंग बघता बघता फिका पडला, उडाला, आणि नुसतं कोरं पाणी राहिलं.

मग वास आला.

ब्लीचचा. तोच, उग्र, नाकाला झोंबणारा, दोन अंघोळींनी न जाणारा. चंद्रभागेचा हात सवयीनं पदराकडं गेला, नाकापर्यंत गेला, आणि तिथंच थांबला. पदर तिनं नाकाला लावला नाही. उलट, वास संपेपर्यंत तोंड उघडं टाकून ती श्वास घेत राहिली. सोनाली खाली बघून भांडी आवरत होती. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, ते घामाचं नव्हतं.

पुढच्या महिन्याला चंद्रभागेनं गच्चीवर भात ठेवला. घास खाली टेकवते न टेकवते तोच कावळा आला. ती जिना उतरून आली, आणि उज्ज्वलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "गेला बाई माझा पोर, सुखानं गेला." उज्ज्वला खडे चिकटवत होती. तिनं मान वर केली नाही.

दिवस गेले. कानबाईचे रोट झाले, नवरात्र झालं. शाळा उशिरा सुटायला लागली आणि दिवस लहान व्हायला लागले. एका सकाळी चंद्रभागा मोरीवर कपडे घेऊन बसली. हर्षदाचा शाळेचा ड्रेस हाताशी आला. निळा कुडता. तिनं साबण लावला, घासायला घेतला, आणि तिचा हात थांबला.

डाव्या खांद्याला चुना होता.

तिनं कुडता उलटा केला, सुलटा केला. दुसरा ओढून काढला. त्यालाही चुना. तिसरा धुतलेला, दोरीवर होता. उठून तो बघितला. चुना धुऊन गेला होता, पण खांद्यावरचं कापड झिजून पांढुरकं झालं होतं.

पोर शाळेतून आली तेव्हा चंद्रभागा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. दिवेलागण झाली होती. हर्षदा आली, खांदा भिंतीला लावून, आजीच्या अंगावरून पुढं निघून गेली. दोन हातांवर उभी असलेली आजी तिला दिसलीच नाही.

"हर्षदा!"

पोर दचकली, वळली, आणि आवाजाच्या जरा बाजूला बघून हसली. "अगं, मोठी माय, तू होय!"

"दिसत नाही का गं?"

"दिसतं ना."

तोच सूर. तोच ताठा.

डोळ्याच्या डॉक्टरनं तपासलं. बायांना होत नाही हा तिचा निकाल त्या एका दुपारी उलटला. बापाचं हे दुखणं दर लेकरात उतरायची निम्मी शक्यता असते, मुलगा असो की मुलगी, डॉक्टर म्हणाले. अजून सुरुवात आहे, बरीच वर्षं आहेत. पण जाणार. भूपेंद्रभाईंच्या लॅबमध्ये जा, म्हणाले, तुमच्या घरातल्या कुणावर तरी तिथं काम चाललं होतं ना?

परत येताना रिक्षात चंद्रभागा उज्ज्वलाशेजारी बसली होती. उधना आलं, पूल गेला. तिला राहवेना.

"दे ना मला शिव्या. जन्मभर मी देत आले. आज तू दे."

"शिव्यांनी पडदा उगवतो का, आत्याबाई?" उज्ज्वला म्हणाली. आवाज साधा होता. त्यात राग असता तर चंद्रभागेला धरायला काहीतरी मिळालं असतं.

तिनं रस्त्याकडं तोंड फिरवलं. तापीचा तो काठ तिच्या डोळ्यांपुढं आला. भिकन काय काय बोलत होता. शिकवू, अंतर देणार नाही, जपू. कावळा येईना. आणि सगळ्यांत सोपं, जे पोरानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, मागच्यांच्या उपयोगी पडेल, ते कुणालाच आठवलं नाही. जिला ठाऊक होतं ती उज्ज्वला घरी होती, कारण काठावर बाया जात नाहीत. जी गेली होती, तिनं ते ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. "तुझा डोळा सांभाळू, बाबा," एवढं कुणी बोललं असतं, तर कावळा झडप घालून आला असता. तो डोळ्यात अडकला नव्हता. डोळा जगावा यात अडकला होता. आणि गच्चीवर त्या दिवशी आला तो काय, कोणाच्याही भाताला येणारा भुकेला कावळा.

चार दिवसांनी लॅबमध्ये सोनालीनं तिघींना बसवलं. हर्षदाच्या दंडावरची कातडी घ्यायची ठरली. चंद्रभागा जरा वेळ घुटमळली. मग तिनं विचारलंच, आवाज खाली घेऊन. तो आवाज तिचा वाटत नव्हता.

"त्याचं... थोडंसं कुठं राहिलं असेल ना गं? फ्रीजच्या कोपऱ्यात? आपण घरात पीठ झटकलं तरी डब्यात चिमूटभर राहतंच."

"तुम्ही सगळं म्हणाला होता, मावशी," सोनाली म्हणाली. "म्हणून सगळंच."

"हो. मीच म्हणाले."

"हर्षदाचा पडदा तिथवर यायला पुन्हा वर्ष-दीड वर्ष जाईल. आम्ही करू ना. पहिल्यापासून करू."

चंद्रभागेनं नातीकडं बघितलं. वर्ष-दीड वर्ष. तेवढ्यात पोरीच्या किती संध्याकाळी जातील.

"माझी पण घ्या," ती एकदम म्हणाली आणि पोलक्याची बाही वर केली. "कातडी. म्हातारी आहे, पण जाड आहे. सगळे म्हणतात."

भूपेंद्रभाई म्हणाले, खरं तर कामाला येईल. घरातलाच एक चांगला पडदा शेजारी ठेवला तर बिघडलेला नीट ओळखता येतो. सोनाली कागद वाचून दाखवायला लागली. नाव, गाव, दुखणी. मग एका ओळीवर तिचा आवाज अडखळला.

"पेशी देणारी व्यक्ती मरण पावली, तर पेशी पुढं ठेवायच्या का?"

उज्ज्वलानं खडे चिकटवून खरबरीत झालेली बोटं एकमेकांत गुंतवली आणि जमिनीकडं बघितलं.

"लिही," चंद्रभागा म्हणाली. "ठेवायच्या. भिकन येवो, भटजी येवो, कोणी येवो, हात लावायचा नाही. पिंडाला कावळा शिवो न शिवो. नाही शिवला तर लटकेन मी. मला सवय होईल."

"मावशी, इथं एवढं लिहायला जागा नाही. फक्त हो किंवा नाही."

"मग हो लिही. मोठ्ठं लिही."

तिनं अंगठा उठवला. इतका दाबून, की शाई कागदामागं उतरली.

डिंडोलीत उतरल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. उज्ज्वला भाजी घ्यायला थांबली. गल्लीच्या तोंडाशी हर्षदाचं अंग आपोआप डावीकडं, भिंतीकडं वळलं. चंद्रभागेनं हात पुढं केला.

"हात धर."

"कशाला? दिसतं ना."

बोलायला पुष्कळ होतं. चंद्रभागेच्या जिभेवर तर ते नेहमी तयारच असायचं. पण ती नुसती दोन पावलं पुढं जाऊन भिंत आणि नात यांच्या मध्ये शिरली आणि तशीच, भिंतीला घासत, चालू लागली. हर्षदाचा खांदा तिच्या दंडाला लागला, जिथं आज सकाळी कातडी कापली होती तिथंच. दुखलं. तिनं दंड सरकवला नाही.

दुसऱ्या सकाळी उज्ज्वला मोरीवर बसली, तर सासूच्या लुगड्याला, डाव्या खांद्यावर, चुना होता. तिनं साबण हातात घेतला, बराच वेळ तो डाग बघत बसली, आणि मग धुवायला लागली.